पिस्तुलातली खाच

लग्नाचे फोटो काढणारा माझा मेहुणा मला नेहमी चिडवायचा. पिस्तूल हलत नाही, डोळे मिटत नाही, मग एका फोटोला तुम्हाला अर्धा दिवस कशाला लागतो म्हणे. म्हटलं, ये एकदा आणि काढून दाखव. काळं पोलाद म्हणजे आरसाच. समोर दिवा ठेवला की दिवा दिसतो, आपण वाकलो की आपलं टक्कल दिसतं, पिस्तूल सोडून सगळं दिसतं. म्हणून भोवती पांढऱ्या कागदाचा तंबू करायचा आणि उजेड कागदातून गाळून द्यायचा.

पोलिसांनी जप्त केलेली हत्यारं प्रयोगशाळेत यायची, मी त्यांचे फोटो काढायचो, फोटो कोर्टात जायचे. सव्वीस वर्षं हेच केलं. ऑफिसात मला ‘मिलीमीटर’ म्हणायचे, कारण इतक्या जवळून फोटो काढताना फोकस दोन-तीन मिलीमीटरच मिळतो, पुढचं-मागचं धूसर होतं. लेन्सचं अॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, बारीक केलं की ही जागा वाढते, मोठं केलं की आणखी आक्रसते. नियम साधा होता: अॅपर्चर बारीक ठेवा, सगळं स्पष्ट येऊ द्या, फोटो दिसायला कसाही असो. नव्या लोकांना हे मी घसा फोडून शिकवायचो. आणि मोडला तोही मीच.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी एक बाई घरी आली. शिवणकाम करणारी, बोटांना सुईने घट्टे पडलेली. तिचा धाकटा भाऊ मित्राच्या खुनासाठी नऊ वर्षं तुरुंगात होता. मित्राने कुठूनसं आणलेलं जुनं पिस्तूल दोघं बघत होते, ते हातातून निसटलं, जमिनीवर आपटलं आणि गोळी सुटली, असं तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. चाप मी ओढलाच नाही, म्हणत होता. कोणी ऐकलं नाही.

आता तिला नवी वकीलबाई मिळाली होती. पिस्तुलाचा घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारा भाग, आतल्या एका खाचेत अडकून मागे थांबतो, त्या खाचेची कड तुटलेली असेल तर पिस्तूल पडताच घोडा सुटतो, असं तिने शोधून काढलं होतं. तेवढं दाखवता आलं तर खुनाचा अपघात होणार होता आणि भाऊ सुटणार होता. पण निकालानंतर ते पिस्तूल नियमाप्रमाणे वितळवलं गेलं होतं. त्याच्या आतल्या भागाचा एकच फोटो जगात उरला होता आणि तो मी काढलेला.

त्या बाईने तो टेबलावर पसरला. बाहेरचा नंबर कोणीतरी घासून टाकला होता, म्हणून मुठीच्या पट्ट्या काढून आतला नंबर टिपायचा होता. तो आकडा न् आकडा वाचता येत होता. त्याच्यामागे अर्धा इंच खोल, जिथे खाच होती, तिथे नुसता एक मऊ पांढरट डाग होता.

मला सगळं आठवलं. झिजलेले आकडे उठून दिसावेत म्हणून दिवा अगदी आडवा लावला होता. तोच उजेड आत जाऊन खाचेवर पडला. कड तुटलेली होती, आणि तुटलेल्या जागेचं कोरं लोखंड असं चमकत होतं की नजर नंबरवर ठरेना. उजेड अडवायला पुठ्ठा धरून पाहिला तर आकड्यांच्या सावल्याही गेल्या. मग मी अॅपर्चर मोठं केलं आणि खाच धूसर होऊन ती चमक विरघळली. साहेबांनी तो फोटो मोठा करून प्रशिक्षणाच्या खोलीत लावला, आणि मी महिनाभर हवेत होतो.

कड तुटलेली मी पाहिली आहे, कोर्टात सांगेन, असं मी तिला म्हणालो. फोटोत ती का नाही, ते मात्र म्हणालो नाही. फोकस तिथे नव्हता, एवढंच बोललो. ती रडली, माझ्या पाया पडायला वाकली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोर्टात मी शपथेवर सांगितलं. सरकारी वकील काही वाईट माणूस नव्हता. एवढं मोठं दिसलं होतं तर तेव्हा का नाही लिहिलंत, त्याने विचारलं. माझं काम फोटोचं, मत तज्ज्ञांचं, मी म्हणालो. ते तज्ज्ञ कधीच वारले होते, आणि त्यांच्या अहवालात पिस्तूल चालू स्थितीत आहे, यापलीकडे काही नव्हतं. मग वकिलाने मीच लिहिलेली प्रशिक्षणाची पुस्तिका काढली आणि एक ओळ वाचली: ‘आठवणीवर विसंबू नका, फोटोत आहे तेवढंच खरं.’ नऊ वर्षांनंतरच्या आठवणीचं काय करायचं, असं त्याने मलाच विचारलं.

फोटो पडद्यावर मोठा केला, आणखी मोठा केला. फोकसमध्ये नव्हतं ते मोठं करून येत नाही, डाग फक्त वाढत जातो. मी बोट ठेवून सांगत होतो, इथे, या कडेला. न्यायाधीशांनी चष्मा पुसून खरोखर मनापासून पाहिलं, आणि काही दिसत नाही म्हणाले. अपील फेटाळलं गेलं.

बाहेर बाकावर ती फोटोची गुंडाळी करत बसली होती. गुरुवारी भावाची भेट होती. मी शेजारी जाऊन बसलो.

“काका,” ती म्हणाली, “फोकस तिथे का नव्हता? तो मला विचारणार.”

खोटं सुचत होतं. दिवा बिघडला होता म्हणावं, लेन्स जुनी होती म्हणावं. तिने ते मानलंही असतं.

“मीच घालवला,” मी म्हणालो. “तिथे चमक येत होती. फोटो छान दिसत नव्हता.”

मला वाटलं, ही आता ओरडेल, मारेलसुद्धा. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने गुंडाळीला रबर लावलं आणि मला ते पुन्हा एकदा सांगायला सांगितलं, सावकाश, म्हणजे भावाला सांगताना तिच्याकडून काही चुकायला नको. मी पुन्हा सांगितलं.