भिंतीवरचा हिरवा दिवा

मित्रांनो, हट्टा गावात शेळ्यांच्या गोठ्याला लागून एक खोली आहे. तिथे मी, एक जुना संगणक, धूळ खात पडलो आहे. मला बिल्ड सर्व्हर म्हणत. चारचौघांनी लिहिलेला कोड एकत्र जुळवायचा आणि तो चालतो का ते तपासायचं, हे माझं काम.

पुण्याच्या एका कचेरीने मला मोडीत काढलं, तेव्हा या घरच्या लेकीने, राधिकाने, मला गावी आणलं. ती घरूनच नोकरी करायची. तिची आई पंचफुलाबाई चहा घेऊन दारातच घुटमळायची. लेकीचं काम जमलंय की बिनसलंय, तिला कळत नसे. म्हणून राधिकाने एक प्लग-इन लिहिला, म्हणजे माझ्या अंगी नवं कसब आणणारा छोटा प्रोग्राम. तो फंक्शनल प्रोग्रामिंगच्या भाषेत होता. त्या भाषेची शिस्त मला फार आवडली: तेच दिलं की तेच उत्तर, मागचा राग-लोभ नाही. कोड चालला तर भिंतीवरचा दिवा हिरवा, काही अडलं तर लाल. दिवा लाल झाला की पंचफुलाबाई न बोलता लेकीजवळ येऊन बसे. काय दिवस होते ते!

मग कंपनीने राधिकाला पुण्याला बोलावलं. "मी तिकडून पाठवलेला कोड इथंच तपासला जाईल, आई. दिवा चालू राहू दे," असं सांगून ती गेली. पंचफुलाबाई रोज माझी धूळ पुसायची.

शेजारची शकुबाई विचारी, "पोरीला फोन काहून करत न्हाईस?"

"दिवा हिरवा हाय की! बराबर चाललंय तिचं. उगं काहून तकलीफ द्यावी?"

पण कोड येणं केव्हाच थांबलं होतं. मी तोच जुना कोड पुन्हा पुन्हा तपासत होतो आणि तेच उत्तर देत होतो. हिरवा. हे तिला सांगायला मला तोंड नव्हतं. इतकं एकटं मला मोडीतसुद्धा वाटलं नव्हतं.

एका दुपारी माझी डिस्क दगा देऊ लागली. तपासणी अडली आणि दिवा लाल झाला. पंचफुलाबाईच्या हातातलं फडकं गळालं. तिने तसाच फोन लावला.

"माय, तुझा दिवा लाल झालाय. काय झालं गं?"

पलीकडे राधिका हमसून रडली. "नोकरी गेली, आई. लई दिवस झाले. तुला सांगायला धीरच होईना."

"रडू नको लेकरा. मी येऊन राहिले."

खोलीला कुलूप लावून ती मिळेल त्या बसने निघाली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची धूळ जरूर पुसा. पण आपल्या माणसाची खुशाली आमच्या दिव्यावर सोडू नका. मी इतके दिवस हिरवा राहिलो, आणि कामी आलो तो बिघडल्यावर. दिवा अजून लाल आहे. माझ्याजवळ येऊन बसायला इथे कोणी नाही. ती लेकीजवळ बसली असेल.