भरलेली बॅटरी

बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत दिवेवाल्याचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने बाहेर उभं राहून भाव विचारायचा. रात्री मासे धरायला लागणारे दिवे, त्यांच्या बॅटऱ्या, वायरी आणि फ्यूज एवढाच माल. पण गिऱ्हाइकाला ज्ञान मात्र पोतंभर मिळायचं, तेही फुकट. पांढरा दिवा नवशिक्यांनी घ्यावा, असं तो सांगे, कारण त्यात माशापेक्षा धरणाऱ्याचंच तोंड जास्त उजळतं. निळा दूरच्या निवळ पाण्यात चालतो. इथल्या गढूळ पाण्यात खोल जातो तो हिरवाच. तो पाण्यात सोडायचा आणि गप्प बसायचं. आधी धड न दिसणारे किडे जमतात, ते खायला बारकी मासळी येते, आणि नशीब जागं असेल तर तिच्यामागून मोठी. हे सांगताना त्याचा चेहरा खुलायचा. फक्त कोपऱ्यातल्या बॅटरीबद्दल कुणी विचारलं की तो एकदम बहिरा व्हायचा.

ती त्याच्या थोरल्या भावाच्या बोटीवरची होती. भाऊ जाऊन दोन वर्षं झाली. बोट खडकांपाशी सापडली, भाऊ सापडला नाही. तेव्हापासून बॅटरी गोणपाटाखाली पडून होती आणि तिला कुणी चार्जर लावलेला नव्हता. अशी टाकून दिलेली बॅटरी वर्षभरात मरते, हे तो स्वतःच लोकांना बजावत असे. पण संध्याकाळी दुकान बंद करताना तो गोणपाट उचलून मीटर लावायचा, आणि आकडा रोज तोच यायचा. बारा पॉइंट सहा व्होल्ट, म्हणजे गच्च भरलेली. आधी त्याने मीटर बदलला. मग शेजारच्या गॅरेजमधून दुसरा मागून आणला. मग मीटरला दोष देणं त्याने सोडून दिलं. भंगारवाला दोनदा येऊन रिकाम्या हाताने गेला. दिवेवाल्याला त्या बॅटरीची भीती वाटायची, आणि मीटर लावल्याशिवाय घरीही जाववायचं नाही.

एका दुपारी वहिनी दुकानात आली. भावाच्या मागे जाळी विणून तिने घर चालवलं होतं, आणि आता बोट दुरुस्त करून घेतली होती. नवरा असताना ती कितीतरी रात्री त्याच्याबरोबर गेलेली, सुकाणू तिच्याच हातात असायचं. उद्यापासून एकटी जाणार म्हणाली. दिवा हवा होता.

दिवेवाल्याने आढेवेढे घेतले. काठाजवळ पुरेल असा छोटा पांढरा दिवा काढून दाखवला, त्याची नको तितकी तारीफ केली. वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि वरच्या फळीवरच्या साठ वॅटच्या हिरव्या दिव्याकडे बोट केलं. भावाने घेतला होता तसाच होता तो. मग दिवेवाला हिशेबात शिरला, कारण तिथे त्याला सुरक्षित वाटायचं. हा दिवा पाच अँपिअर खातो. दहा तासांचे पन्नास झाले. बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नसते, म्हणून शंभरची हवी. वायर तांब्याची आणि जाड घ्यायची, बारीक वायरीत निम्मा उजेड वाटेतच जिरतो. पाढे म्हणणाऱ्या पोराला थांबवू नये तसं वहिनीने त्याला बोलू दिलं. त्याचं संपल्यावर विचारलं,

"इंजिनची बॅटरी वेगळी राहील ना?"

भावाने शेवटचं हेच विचारलं होतं.

त्या संध्याकाळी भरती साधायची म्हणून भाऊ घाईत होता. बोटीवर दोन बॅटऱ्या होत्या, शंभरची दिव्यासाठी आणि साठची इंजिन चालू करायला. दिव्याची बॅटरी नवी होती, तिच्या टोकांवर जुनी क्लिप बसेना. दुकानात परत येऊन दुसरी क्लिप न्यायची तर अर्धा तास गेला असता, आणि वर भावाने दिवेवाला असून क्लिप विसरला म्हणून त्याची खिल्ली उडवली असती. दिवा बसवायला गेलेल्या दिवेवाल्याने वायर इंजिनच्या बॅटरीला जोडली, वर निळी टेप गुंडाळली. एका रात्रीपुरतं, सकाळी बदलू. धक्क्यावरून दोर सोडताना भावाने विचारलं, काय रे, इंजिनची वेगळी आहे ना? आणि याने सांगितलं, आहे, जा तू निर्धास्त.

दिव्याने रात्रभर इंजिनची बॅटरी पिऊन टाकली. पहाटे वारा सुटला तेव्हा इंजिन उठलं नाही. शेजारी गच्च भरलेली बॅटरी होती, वायर बदलली असती तर दोन मिनिटांचं काम. पण भावाच्या मते रात्रभर जळली होती तीच, आणि इंजिनची ताजी होती. बोट ओढून आणली तेव्हा इंजिन उठवणारा सेल्फ खोललेला होता, चार नट एका फडक्यावर ओळीने मांडलेले होते. धाकट्या भावाच्या हातावर संशय घेण्याऐवजी त्याने अंधारात इंजिन खोललं होतं. दिवेवाल्याने ते नट पाहिले, आणि त्याच रात्री गुपचूप जाऊन, नवी क्लिप लावून, निळ्या टेपची वायर जिथे असायला हवी होती तिथे जोडली. लोक म्हणाले, वाऱ्याने घात केला. दिवेवाल्याने मान डोलावली.

आता वहिनी उत्तराची वाट पाहत उभी होती. हो म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि ते जमलं नाही. खाली बघत त्याने सगळं सांगून टाकलं. क्लिप, टेप, धक्क्यावरचं खोटं, रात्री जाऊन बदललेली वायर.

वहिनी स्टुलावर बसली. ती त्या हिरव्या दिव्याची वायर बोटांभोवती गुंडाळत होती.

"मला माहीत होतं, भाऊजी," ती म्हणाली. "बोट आणली तेव्हा तुमच्या आधी मी आत चढले होते. टेप कुठे आहे ते मी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ती दुसरीकडे होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कधी सांगता ते बघत होते. दोन वर्षं लावलीत." तिच्या आवाजात राग होता आणि तो तिने लपवला नाही. मग ती उठली. "दिवा तुम्हीच बसवायचा. ही चूक दुसरा कुणीही करेल, तुम्ही पुन्हा करणार नाही. आणि दिव्याला ती कोपऱ्यातली बॅटरी लावा. वापरलीच कुठे गेली ती."

दाराशी जाऊन ती थांबली.

"उद्या तुम्हीही बोटीवर यायचं. मला सांगून काय उपयोग. त्यांना सांगा. ते अजून सेल्फच खोलून बसले असतील."

दुसऱ्या रात्री दोघं समुद्रात गेले. दिवेवाल्याने वायरी तीनदा तपासल्या होत्या. दिवा पाण्यात सोडल्यावर हिरवा उजेड खाली खाली उतरत गेला, किडे जमले, बारकी मासळी आली. वहिनी जाळं टाकत होती, ओढत होती. याने दर तासाला मीटर लावला. सहा तास दिवा जळला आणि आकडा बारा पॉइंट सहावरून हलला नाही. त्याने मीटर खिशात घातला, पुन्हा काढला नाही.

पहाटे वारा सुटायला लागला. वहिनीने दिवा वर घ्यायला सांगितलं. त्याने वायर काढली, दिवा दोरीने वर ओढून मांडीवर घेतला. दिवा विझलेला होता, काच गार होती.

पण खालचं पाणी हिरवंच होतं.

त्याने वहिनीकडे पाहिलं. तीही वाकून पाण्यातच बघत होती, आणि तिच्या तोंडावर हिरवा उजेड पडलेला होता. ती घाबरलेली नव्हती. तिने त्याच्याकडे पाहून फक्त मान हलवली.

दिवेवाला बोटीच्या काठाला धरून ओणवा झाला. लहानपणी काही फोडलं-तोडलं की भावापुढे जसा उभा राहायचा, तसाच मान खाली घालून राहिला.

"दादा," तो म्हणाला, "सेल्फ चांगला होता रे. त्यात काही नव्हतं. मीच वायर चुकीची लावली होती, आणि तुला खोटं सांगितलं. तू नको शोधूस आता."

पाणी हललं नाही. मग उजेड हळूहळू मंदावला, बॅटरी उतरत जाते तसा, आणि काळोख झाला.

वहिनीने डोळे पुसले, पदर खोचला आणि चावी फिरवली. पहिल्याच झटक्यात इंजिन चालू झालं. तो आवाज ऐकून दिवेवाला मांडीवरच्या दिव्यावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडला.