नानांची सही

हिंदी मुलखातल्या दूधविनायक मोहल्ल्यात आमचं मराठी घर. त्या घरात कोणा पुरुषाचं कौतुक करायचं झालं, की बायका नानांच्या सहीची गोष्ट काढत. मी स्वतः ती इतक्यांदा सांगितली आहे, की भाच्या-पुतण्यांना तोंडपाठ झाली असेल.

मी तेव्हा लहान होते. आईला सहाव्यांदा दिवस गेले होते आणि तिच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. गर्भपाताचा कायदा नुकताच झालेला. इस्पितळातले म्हणाले, नवऱ्याची सही आणा. माझे वडील, म्हणजे नाना, वेद शिकवणारे, कर्मठ. पण मुकाट्याने आले आणि सही करून मोकळे झाले. पुढे आठवडाभर त्यांनी पूजेला बोलावणाऱ्या यजमानांना वाटेला लावलं आणि सोवळं नेसून स्वतः स्वयंपाक केला. वरण खारट, भाताची पेज. आई अंथरुणावरून खुदुखुदु हसायची. तिला निजू द्यावं म्हणून संध्याकाळी ते आम्हा पोरांना नदीवर, अमृतराव घाटावर नेत. तसे सुखाचे दिवस त्या घरात पुन्हा आले नाहीत.

म्हणूनच परवा माझी भाची, भावाची मुलगी रुचा दारात आली, तेव्हा मला आधी नाना आठवले. तिला दोन मुली, धाकटी अजून अंगावर पिते, आणि पुन्हा दिवस गेलेले. तिला मूल नको होतं. नवरा रोहन म्हणत होता, राहू दे, या वेळी मुलगा होईल. मी तिला घेऊन एका खासगी इस्पितळात गेले. काउंटरवरची बाई मान वर न करता म्हणाली, "पति के साइन लगेंगे."

रुचाचा चेहरा पडला. मी म्हटलं, "रोहनला फोन लाव. नानांची गोष्ट सांगते त्याला. विरघळेल."

"नाही करणार तो. पूछ चुकी हूँ, आत्या." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि नानांनी केली नसती तर? आजीचं काय झालं असतं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मग त्या दिवशी इस्पितळातल्या बाकावर बसलेली आई आठवली. पदर मुठीत आवळून ती नानांच्या हाताकडे बघत होती. गोष्ट सांगताना मी तिला नेहमी गाळलं होतं.

रुचा उठली आणि तडक डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरली. मी मागोमाग. त्यांनी सोनोग्राफी पाहिली, तिला दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "आप बालिग हैं. कानून में सिर्फ़ आपकी मर्ज़ी चाहिए, पति की नहीं. काउंटरवालों को कितनी बार समझाया है!"

मी विचारलं, "ये नया नियम है क्या?"

"नहीं माताजी. जब से कानून बना, तब से यही है."

रुचाने सही केली. तिला आत नेलं आणि मी बाहेर बसून ढसाढसा रडले. नाना चांगलेच होते, त्यात वाद नाही. पण ते चांगले निघाले हे आईचं नशीब. कायद्याने त्यांच्या सहीवाचून तिचं काहीच अडत नव्हतं, हे तिला कोणीच सांगितलं नाही. मरेपर्यंत ती त्या एका सहीचे उपकार मानत राहिली.