पुण्याचा सीझर

आमच्या घरात मराठीच बोलतात. देवाशी मराठी, दूधवाल्याशी मराठी, आणि भांडण तर अस्सल मराठीत. पण कुत्रा घरात आला आणि ह्यांनी जाहीर केलं, "उमा, कुत्र्याशी इंग्रजीतच बोलायचं असतं." का? तर ह्यांच्या अंबरनाथच्या फॅक्टरीतले मोठे साहेब आपल्या अल्सेशियनशी तसंच बोलतात. साल ब्याण्णव. ह्यांना नुकतंच ऑफिसर केलं होतं, बदलापुरात कात्रपला तळमजल्यावर फ्लॅट घेतला होता आणि पुढच्या हातभर अंगणात आता हे धूड नाचत होतं.

धूड आलं होतं चामटोलीच्या मागच्या पाड्यावरून. वांगणीच्या कुठल्याशा फार्महाऊसवाल्यांनी हौसेनं पाळलं आणि कंटाळा आल्यावर रस्त्यावर सोडून दिलं. देऊ ठाकर आणि त्याची बायको तानी या दोघांनी ते लंगडतं पिल्लू घरी नेलं, भुऱ्या नाव ठेवलं, आपल्या ताटातलं घालून दहा महिने वाढवलं. पण ते वाढलं बेसुमार. दिसेल त्या कोंबडीमागे धावायचं. शेवटी पाड्यावरच्यांनी सांगितलं, कुत्रं हलवा, नाहीतर आम्ही मारू. बदलापूरच्या गुरांच्या डॉक्टरांनी आम्हाला कळवलं आणि आम्ही रिक्षा घेऊन गेलो.

तानीनं एकच गोष्ट मागितली. "बाई, बांधून नको ठेवू त्याला. पळाया लागतं त्याला."

"नाही ठेवणार," मी म्हटलं.

घरी येईपर्यंत भुऱ्याचा सीझर झाला होता. पाडा, देऊ, तानी सगळं पुसून टाकलं गेलं. समोरच्या शालनवहिनींना ह्यांनी माझ्यासमोर बेधडक सांगितलं, "पुण्याहून आणला. प्युअर ब्रीड." मी आत जाऊन भांडी आपटली. त्यापलीकडे काही केलं नाही, हेही सांगून टाकते.

मग सुरू झालं. "सिट, सीझर! स्टे! नो!" तो बिचारा मान वाकडी करून ह्यांच्याकडे बघायचा आणि परत उड्या मारायचा. चहाचा ट्रे उडवला. शालनवहिनींच्या वाळत घातलेल्या कुरडयांवरून दोनदा धावून आला. हे वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याला मारायचे, तेही इंग्रजीत ओरडत. आणि मीही, शहाणी, पदर खोचून "कम हिअर, कम हिअर" करत त्याच्यामागे! दुसऱ्या आठवड्यात गळ्यात साखळी आली. तिसऱ्या आठवड्यात ह्यांनी निकाल दिला.

"बिनडोक जनावर आहे. उल्हासनगरला एका वर्कशॉपवाल्याला राखणीला हवाय. उद्या टेम्पो येईल."

"तिथे त्याला दिवसरात्र बांधून ठेवतील."

"मग काय मांडीवर घेऊन बसतील?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. खूप बोलले. हे पेपर वाचत बसले.

त्याच सकाळी तानी आली. करवंदांची पाटी डोक्यावर, फाटकाशी उभी. हे अंगणात होते, शालनवहिनी फाटकाजवळच भाजी निवडत होत्या. तानीला पाहिलं मात्र, कुत्र्यानं असा हिसका दिला की साखळीची कडी भिंतीतून उपटून आली. शालनवहिनी किंचाळल्या. तो तानीच्या अंगावर झेपावणार एवढ्यात ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "ए भुऱ्या. बस खाली."

तो बसला. शेपटीनं धूळ उडवत, पण बसला.

तीन आठवडे! तीन आठवडे आम्ही त्याला झोडत होतो, आणि बिनडोक कोण होतं ते आता अंगणात सगळ्यांना दिसत होतं.

तानीनं पाटी खाली ठेवून त्याच्या गळ्यातली साखळी काढली. मान चोळली. तिथले केस गेले होते.

"ही बाई कोण हो?" शालनवहिनींनी विचारलं. "ह्याला ओळखते वाटतं?"

"कोण जाणे," हे म्हणाले. "करवंदंवाली दिसतेय. ए बाई, चल, पुढे हो."

तानीनं माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं मला. एकच. मी तिच्या पाटीकडे बघत राहिले.

तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि निघाली. कुत्रा उठला आणि तिच्यामागे गेला.

"सीझर! कम! कम हिअर!" हे फाटकात उभे राहून ओरडत होते. चार गॅलऱ्यांतून लोक बघत होते. मग माझ्याकडे वळून, शुद्ध मराठीत, "अगं, बघत काय बसलीस? हाक मार ना त्याला!"

"कोणत्या नावानं मारू?" मी म्हटलं आणि चपला घालून धावले.

नाक्यावर तानीला गाठलं. "तानी, थांब. अगं, मी..."

ती वळली. इतकी चिडलेली बाई मी पाहिली नव्हती, आणि आवाज मात्र खालीच. "वळखतेस मला?"

"ओळखते गं."

"मंग तवा तोंड का नाय उघडलंस?"

मी वाकून भुऱ्याच्या मानेला हात लावला.

"पाड्यावर नेला तर मारतील त्याला," ती म्हणाली. "न्हायतर तुज्याकडं ठेवला नसता." तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "भुऱ्या, जा. बाईसंगं जा." मग मला म्हणाली, "मी काय आता यायची नाय."

तो दोन पावलं तिच्यामागे गेला. तिनं मागे न बघता पुन्हा "जा" म्हटलं. तिचं ऐकून तो माझ्याबरोबर आला.

फाटकात हे हसऱ्या चेहऱ्यानं उभे होते. "आला का सीझर!"

माझा आवाज सगळ्या गॅलऱ्यांत गेला असेल. "ह्याचं नाव भुऱ्या! पुण्याचा नाही, पाड्यावरचा आहे! ती बाई तानी, तिनं ह्याला आपल्या ताटातलं घालून वाढवलंय! टेम्पो आला तर मी आडवी पडेन त्याच्यापुढे, आणि ह्याच्या गळ्यात परत साखळी दिसली तर ह्या घरात मी दिसणार नाही!"

हे आत निघून गेले. टेम्पो आला नाही, भुऱ्या राहिला. बोललेलं सगळं खरं होतं, ऐकलं सगळ्यांनी. फक्त जिनं ऐकायला हवं होतं ती तोवर रेल्वेचं फाटक ओलांडून गेली होती.