चौथ्या पाकिटातलं नाणं

माझ्या बायकोची, गोपिकाची तेरवी झाली आणि चार दिवसांनी माझं नाणं गेल्याचं कळलं. कामठीचा सुशील भेटायला आला होता. तोही जुनी नाणी जमवतो. माझं मन जरा रमावं म्हणून त्याने नाण्यांचा डबा काढायला लावला.

माझ्याकडे ज्यूंची सहा प्राचीन नाणी आहेत. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर जेरुसलेमच्या एका दुकानदाराकडून मी ती एकेक करून मागवली. प्रत्येक नाणं बंद पाकिटात, सोबत फोटो आणि वजन असलेलं अस्सलपणाचं प्रमाणपत्र.

चौथं पाकीट सुशीलने दोनदा उलटंपालटं केलं.

"हे ते नाही गा, रुपराव," तो म्हणाला.

फोटोतलं नाणं काळपट हिरवं होतं. एका बाजूला द्राक्षाचं पान, दुसऱ्या बाजूला दोन कानांचं भांडं. पाकिटातलं नाणं तांबूस, चकचकीत होतं. पान जवळजवळ पुसलं गेलं होतं आणि पाकिटाच्या कडेला चिकटपट्टी होती.

गोपिका दवाखान्यात होती त्या दिवसांत घराच्या किल्ल्या जावयाकडे, जितेंद्रकडे होत्या. मी सुशीलसमोरच त्याला फोन लावला आणि माझं नाणं कोणाला विकलं, असं विचारलं. त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मुलगी वैभवी हुडकेश्वरहून एकटीच आली. चहाही घेतला नाही.

"नाणं तेच आहे, बाबा. आईनं घासलं ते."

मागच्या दिवाळीत नाण्यावरच्या भांड्याला कलश समजून गोपिकाने ते नाणं लक्ष्मीपूजनात मांडलं होतं. त्याआधी चिंचेने घासलं. फुलांखाली होतं, माझ्या ध्यानात आलं नाही. पूजा उचलताना तिने फोटो पाहिला आणि घाबरली. पुन्हा हिरवं व्हावं म्हणून तिने ते तुळशीच्या कुंडीत पुरलं. माझ्या डब्याची किल्ली हरवली, असं ती उन्हाळ्यापर्यंत सांगत राहिली. ते हिरवं झालंच नाही, तेव्हा धुऊन-पुसून पाकिटात परत घातलं आणि कडेला चिकटपट्टी लावली. मग ती आजारी पडली आणि मी डबा उघडलाच नाही.

कुंडीतली माती उकरताना मी तिला पाहिलं होतं. "धन पुरून राहिली काय वं?" असं म्हणालोही होतो. ती हसली होती.

"मले काहून नाही सांगितलं तिनं?" मी विचारलं.

"प्रमाणपत्राले हळदीचं बोट लागलं तं अकरा दिवस बोलले नव्हते तुम्ही तिच्याशी. दवाखान्यातही म्हणत होती, बाबाले सांगू नको."

अकरा दिवस मी मोजले नव्हते. तिने मोजले होते.

वैभवी निघाली तेव्हा जितेंद्र कसा आहे, असं मी विचारलं. तो रात्री जेवला नाही, एवढंच ती म्हणाली.

याला आता तीन आठवडे झाले. सुशीलला मी खरं काय ते सांगितलं. जितेंद्रचा नंबर रोज काढतो. त्याची माफी मी अजून मागितलेली नाही.