मीनाचा वाली

"अदीबला काय काय चिकटलंय, विचार बघू," माझ्या खुर्चीमागे उभा राहून बशारा म्हणाला.

मी पडद्याला विचारलं. आमच्या कंपनीतलं कुठलं यंत्र कशाच्या जिवावर चालतं, याचा सगळा नकाशा त्या पडद्यात आहे. एखाद्या ठिपक्याला विचारायचं, बाबा रे, तू कोणाच्या आधारावर उभा आणि तुझ्या आधारावर कोण? की लगेच रेघा उमटतात. माणसंही त्याच नकाशात, कारण प्रत्येक यंत्राला एक वाली लागतो. त्या दिवशी आम्ही मेलेल्यांची आणि परदेशी गेलेल्यांची नावं काढून टाकायला बसलो होतो.

अदीब हिवाळ्यात वारला. लक्षात राहावा असा माणूसच नव्हता तो. माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, कमी बोलायचा आणि घरी निघताना सगळ्यांचे दिवे बंद करायचा. त्याच्या नावातून एकच रेघ निघाली, मीना नावाच्या बंदरभागातल्या टेलिफोन एक्स्चेंजकडे. आणि त्या एक्स्चेंजच्या आधारावर बंदराकडची सगळी वस्ती, दवाखान्यासकट.

"बिघाडाचे मेसेज अजून त्यालाच जातायत," मी म्हणाले, आणि पुढची ओळ वाचली. "बशारा, पोच येतेय. प्रत्येक मेसेजची. कालच्यासुद्धा."

आमच्याकडे यंत्र बंद पडलं की पहिला मेसेज त्याच्या वाल्याला जातो. त्यानं 'पाहिलं' असं दाबलं, की माणूस कामाला लागला असं धरून यंत्रणा दुसऱ्या कोणाला उठवत नाही. मीनात वीज तर उठल्यासुटल्या जाते. तरी महिनोन्महिने तिथली एकही तक्रार आमच्यापर्यंत आली नव्हती. दर वेळी मेलेल्या माणसाने पोच दिली होती आणि थोड्याच वेळात एक्स्चेंज चालू झालं होतं.

बशाराने छातीवर क्रूस काढला. "नुहाद, तूच जा त्याच्या घरी. मला असलं काही सोसत नाही."

"आणि म्हणे साहेब!"

"साहेब जिवंत माणसांचा," तो म्हणाला.

हसले मी, पण जावं मलाच लागलं.

अदीबचं घर एक्स्चेंजच्याच गल्लीत, वरच्या मजल्यावर. दार त्याच्या बायकोने उघडलं. मुलाच्या नावावरून सगळे तिला उम्म वाइल म्हणतात. माझ्या हातात कॉफी ठेवून ती समोर बसली. तिच्या शेजारी एक छोटी उशी, आणि उशीवर अदीबचा फोन.

"खाला, याच्यावर मेसेज येतात ते..."

"मी बघते ना! वाजला की तिथे दाबायचं, हे त्यानेच शिकवलेलं. आंघोळीला गेला की मलाच दाबायला लावायचा मेला." ती हसली. "मग गच्चीत जाऊन ओरडायचं, हाज मिस्बाह, डबा मेला, मोटर लाव!"

डबा म्हणजे एक्स्चेंज, मोटर म्हणजे जनरेटर, आणि हाज मिस्बाह गल्लीच्या त्या जनरेटरचा मालक. घराघरांत त्याचीच वीज. अदीबने त्याला गोडीगुलाबीने पटवून एक वायर एक्स्चेंजमध्ये ओढून घेतली होती. मोबदला काय, तर दोरीला टोपली बांधून वरून सोडलेली गरम कॉफी. ना कागद, ना परवानगी. आमच्या नकाशात ती वायर नव्हती, मिस्बाह नव्हता आणि ही बाई तर नव्हतीच. तोंडात बोट घालायची वेळ माझी.

"तुम्ही आम्हाला कळवलं का नाही?"

"कळवलं असतं तर फोन घेऊन गेला असतात." मग उशीकडे बघत म्हणाली, "पोरी, हा वाजला ना, की वाटतं, कोणीतरी त्याला हाक मारतंय. अजून त्याच्यावाचून कोणाचं तरी अडतंय. दुसरं आहे काय माझ्याकडे?"

हातातली कॉफी गार होऊन गेली.

परत येऊन मी बशाराशी भांडले. राहू दे नाव, म्हटलं, कोणाचं काय जातंय?

"आणि ती आजारी पडली तर?" तो आवाज न चढवता म्हणाला. "अंथरुणातून पोच देईल, पण गच्चीत जाऊन ओरडायला कोणी नसेल. दवाखान्यात फोन लागला नाही तर तू जबाब देशील?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं, तेच तर खुपलं. मी मिस्बाहचा जनरेटर नकाशात आणला, एक्स्चेंजपर्यंत रेघ ओढली, फोन नंबर टाकला. उम्म वाइललाही टाकून पाहिलं. यंत्राशी नातं काय, असं पडद्याने विचारलं. मालक, कारागीर, पुरवठादार, यांतलं एक निवड म्हणाला. मी ते बंद केलं. मग अदीबचं नाव काढलं आणि तिथे माझं घातलं.

चार दिवसांनी भर दुपारी मीनाचा मेसेज मला आला. मी 'पाहिलं' दाबून लगोलग मिस्बाहला फोन लावला.

"मोटर केव्हाच लावलीय, ताई," तो म्हणाला. "वरून ओरडली ना ती."

"पण तिला कळलं कसं? तिचा फोन आता वाजत नाही!"

"या एकदा," एवढंच मिस्बाह म्हणाला.

मी तशीच निघाले. घराचं दार लोटलेलंच होतं. चुलीवर काही नव्हतं. उम्म वाइल गच्चीत खुर्ची टाकून बसली होती. डोक्यावर ऊन आलं होतं, ओठ सुकले होते. नजर समोर, गल्लीपलीकडच्या एक्स्चेंजच्या जाळीवर. आत एक हिरवा दिवा लुकलुकत होता, करंगळीच्या नखाएवढा; एक्स्चेंज बंद पडलं की तो विझतो.

"खाला," मी तिच्यासमोर जाऊन म्हणाले, "हे काय चालवलंय? किती वेळ झाला बसून? आता मी आहे ना. तुम्ही आत चला, दोन घास खा."

तिने माझा हात धरून मला हळूच बाजूला केलं.

"बस हं पोरी," ती म्हणाली, "पण मध्ये उभी राहू नकोस. दिवा दिसत नाही."