सातव्या प्रश्नापुढची रेघ

एक जनरेटर, दोन वायरी, चार परके.

मळ्या मासा पोटाने खडकाला चिकटतो. पुरातही सुटत नाही.

अंगठ्यावर निळी शाई, तीन दिवस.

वळणावरचं पाणी काळं दिसतं, कारण ते खोल आहे.

प्रश्न क्रमांक सात: मासे.

आता नीट सांगायचं, तर पोशेरा गावाच्या खालच्या अंगाला नदीकाठच्या पाड्यावर रुपी राहते. डोहात हात घातला की बोटांना काय लागलं ते ती न बघता सांगते: ही मरळ, ही वाम, ही शिंगटी. दोन उन्हाळ्यांपूर्वी पाड्यातल्या कुणीतरी बाहेर फुशारकी मारली. चार परके जनरेटर घेऊन आले, खालच्या डोहात वायरी सोडल्या आणि पिल्लांसकट सगळं उताणं करून गेले. वरच्या वळणावरचा डोह तेवढा राहिला. तेव्हापासून पाड्याचं ठरलं, परक्याने विचारलं तर नदीत मासे नाहीत.

चैत्रात भर दुपारी पाहणीवाले आले. उथळ पाण्यात त्यांनी जाळं ओढलं, निघाला पाला. मग त्यांच्यातली प्रगती नावाची मुलगी वही घेऊन रुपीच्या ओट्यावर बसली.

"मावशी, नदीत मासे कोणते?"

"कुठलं मासं, बाय? खेकडी हायेत. बोट घालून बघ, वळख होईल."

"एकही मासा नाही?"

रुपीचा नवरा बुध्या दारातून म्हणाला, "मासं पायजे तं खोडाळ्याच्या बाजारात जा. सुकं बोंबील भेटतील. पळायचं नाय ते."

अख्खा पाडा हसला. प्रगतीही हसली. सातव्या प्रश्नापुढे तिने रेघ मारली आणि खाली रुपीचा अंगठा घेतला. डोह वाचला, या आनंदात रुपीने ती शाई घासूनसुद्धा काढली नाही.

पाऊस सरल्यावर ग्रामसभेत सरकारी साहेबांनी त्या पाहणीचा अहवाल वाचला. वरच्या वळणाच्याही वर बांध होणार, पाणी बोगद्यातून डोंगरापलीकडे जाणार, खालचं पात्र कोरडं राहणार. "मासे आढळले नाहीत. जाणत्या ग्रामस्थांनीही तसंच सांगितलं. सबब, हानी नाही."

रुपी उठली. "हायेत! मळ्या हाये, मरळ हाये, वाम, मुरी..."

"मावशी, हा अंगठा तुमचाच ना?"

"उद्या हंडा भरून आणते. जित्तं आणते."

"हरकतीची मुदत संपली हो." साहेब वाकडं बोलले नाहीत. त्यांनी तिच्यासाठी खुर्चीसुद्धा पुढे सरकवली.

ती बसली नाही. बुध्या चपलेचा पट्टा चाचपत खाली बघत होता.

"त्या दिशी लय हसवलंस," ती त्याला म्हणाली. "आता हसव की."

पाहणीच्या दुपारी रुपीच्या चुलीवर सहा जातींच्या माशांचं कालवण होतं, आणि त्यावर तिने टोपली पालथी घातली होती.